सल्लागार काकांच्या घड्या

काकांनी आमच्या कॉलेजला पाठवलेली चिठ्ठी मी पुष्कळ नंतर पाहिली. त्यात एकच वाक्य होतं. "कागद वाचून दाखवायला आणि लिहून घ्यायला एक विद्यार्थी हवा आहे, ज्याच्या घरात आजवर कुणी सरकारी कागद वाचलेला नाही, असाच पाठवावा."

अर्थशास्त्राच्या मॅडमनी मला स्टाफरूमबाहेर बोलावलं. बराच वेळ त्या परीक्षेचं, हजेरीचं बोलत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तू जाशील का? वाईट वाटून घेऊ नकोस हं."

मला वाईट वाटलं. पण अट मला लागू होती हेही खरं होतं. माझे बाबा मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरवर खलाशी आहेत. आई चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या घरी कुठलाही सरकारी कागद आला की तो आधी देवाच्या फोटोमागे जायचा. मग पोस्टमन किंवा शाळेतले गुरुजी सापडतील तेव्हा त्यांच्यासमोर उघडायचा. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली, पण मलाही ते कागद हातात घेतले की घाम यायचा.

काका मांडवीला, एका घराच्या माडीवर भाड्याने राहत. दोन खोल्या, एक मोठी खिडकी, खिडकीत अख्खा समुद्र. आणि काकांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवलेली. पहिल्याच दिवशी मी घाबरत विचारलं की खुर्ची फिरवून देऊ का.

"नको. समुद्र बघत बसलं की वाटतं, सगळं आपोआप चाललंय," ते म्हणाले. "तुझं नाव नंतर सांग. घरी कागद आला तर तुम्ही काय करता?"

मी देवाच्या फोटोचं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं आणि मग विचारलं, "किती दिवस राहतो मागे?"

"गुरुजी भेटेपर्यंत. कधी आठ दिवस, कधी महिना."

"आणि आम्ही कागदावर लिहायचो, 'सात दिवसांत हरकत न आल्यास संमती समजण्यात येईल'," ते म्हणाले.

त्यांचा व्यवसाय काय होता हे मांडवीत कुणालाच नीट माहीत नव्हतं. तीस वर्षं ते मुंबईत मंत्र्यांचे धोरण सल्लागार होते. मंत्री बदलले, पक्ष बदलले, काका तेच. रस्ते, पाणी, बंदरं, शाळा, ज्या खात्यात बोलावलं तिथे जाऊन त्यांनी टिपणं लिहिली. त्या टिपणांतून निर्णय झाले, भाषणं झाली, कोनशिला बसल्या. काकांचं नाव मात्र कुठेच नाही. "नसायलाच हवं," ते म्हणत. "ज्याला लोकांनी मत दिलं त्याचं नाव. मला कुणी मत दिलं होतं?"

शेजाऱ्यांनी मात्र 'सल्लागार' हा शब्द धरून ठेवला होता. कुणी मुलीचं स्थळ घेऊन यायचं, कुणी कोर्टाची नोटीस. एकदा एक आंबेवाले आले. बाग कराराने द्यावी की स्वतः करावी, असा त्यांचा प्रश्न होता. काकांनी तासभर त्यांना झाडं, फवारणी, गडी, सगळं विचारलं. मग एका कागदावर तीन पर्याय लिहून दिले. प्रत्येक पर्यायापुढे, त्यात कोणाचं नुकसान होईल, तेही लिहिलं. आंबेवाल्यांनी कागद दोनदा वाचला, डोक्याला हात लावला आणि जिन्यात मला म्हणाले, "ह्याच्यापेक्षा आमचा ज्योतिषी बरा गो. एकच काय ते सांगतो."

मी हे काकांना सांगितलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "त्याला चुकायची भीती नसते."

मला 'सर' म्हणायची बंदी होती, कारण त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं. 'साहेब' म्हटलेलं तर त्यांना ऐकूच यायचं नाही. म्हणून मी काका म्हणायला लागले. आठवड्यातून तीन दिवस, कॉलेज सुटल्यावर, मी त्यांना प्रारूप आराखडे, शासन निर्णय, वर्तमानपत्रांतल्या जाहीर सूचना वाचून दाखवत असे. त्यांची नजर कमी झाली होती, कान नाही. मी अडखळले की ते थांबवत. "अडखळलीस ते तुझ्यामुळे की वाक्यामुळे?" सुरुवातीला मी कायम "माझ्यामुळे" म्हणायचे. महिन्याभराने एकदा धीर करून म्हटलं, "वाक्यामुळे असेल, मला वाटतं." त्यांनी टेबलावर हात आपटला. मी दचकले. ते खूश झाले होते.

मी स्वतः काही लिहून नेलं तर ते त्यावर खुणा करत नसत. जिथे वाक्य पटलं नाही तिथे ते पानाला घडी घालत आणि पान परत देत. 'सर्वांगीण विकास' असं लिहिलेल्या जागी घडी. 'महत्त्वपूर्ण' ह्या शब्दावर घडी. 'जनतेच्या हितासाठी' ह्यावर तर त्यांनी इतकी बारीक घडी घातली होती की पान परत सरळ होईना. पहिले काही आठवडे माझी पानं होड्यांसारखी होऊन घरी यायची. आई विचारायची, "काकाने शिकवलंन तरी काय तुला, होड्या करायला?"

आणि एवढ्या घड्यांतून सुटलेलं टिपण, ज्याच्याबद्दल आहे त्या माणसाला वाचून दाखवायचं, आणि त्याने ते स्वतःच्या शब्दांत आपल्याला परत सांगायचं, हा त्यांचा नियम होता. त्यासाठी त्यांनी मला मिरकरवाड्याच्या मासळीच्या लिलावात उभं केलंय, एसटी स्टँडवर केलंय, दुधवाल्याच्या सायकलपुढेही केलंय. दूध संकलनाविषयी चार ओळी ऐकून तो दुधवाला म्हणाला होता, "म्हणजे आमच्या वाडीतलं केंद्र बंद करणार, असंच ना?" त्या चार ओळींत 'बंद' हा शब्दच नव्हता. 'सुसूत्रीकरण' असा शब्द होता. काका त्याला नमस्कार करून म्हणाले, "तुम्हाला मुंबईला न्यायला हवं होतं." तो म्हणाला, "दूध नासेल."

प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी काका नसत. कुठे जातात ते सांगत नसत. मला वाटायचं डॉक्टरकडे. एका सोमवारी कॉलेजला सुट्टी होती. ते म्हणाले, "चल, आज तूही चल. पाणी घे बरोबर."

आम्ही एसटीत बसलो. गाडी खाडीच्या कडेकडेने, घाट चढत, उतरत, दोन तास फिरली. मला मळमळायला लागलं. शेवटच्या थांब्याच्या अलीकडे एक म्हातारी चढली, गुडघ्याला कापड बांधलेली. काकांच्या शेजारी बसली आणि बसल्या बसल्या सुरू झाली. "पूर्वी होडीची तर होती हितं, खाडी पार करायला. होडीत बसायचं, पान खाऊन होईस्तवर पलीकडे. आता लेकीकडे जायचं तर अर्धा दिस ह्या गाडीत. कुण्या मेल्याने बंद केलान ती तर, त्याचं वाटोळं झालं आसंल."

"होत आलंय," काका म्हणाले.

"तुमाला म्हायती हाय तो?"

"मीच तो."

म्हातारीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. झिजलेल्या चपला बघितल्या, हातातली कापडी पिशवी बघितली. मग मला म्हणाली, "तुझा आजा काय गो? लय मस्करी करतो." आणि पुढचा सगळा रस्ता तिने काकांना गुडघ्यावर कुठला पाला बांधायचा ते सांगितलं.

शेवटच्या थांब्यावर उतरून आम्ही खाडीच्या काठाशी गेलो. पलीकडचा गाव इतका जवळ होता की तिथली कपडे वाळत घातलेली दोरी दिसत होती. काका म्हणाले, "पूल झाला वरच्या अंगाला. मला विचारलं, होडीची तर चालू ठेवायची का? मी मुंबईत बसून आकडे बघितले आणि लिहिलं, 'प्रवासीसंख्या अल्प.' अल्प म्हणजे कोण, ते विचारलं नाही."

"मग परत सुरू नाही करता येणार?"

"दर महिन्याला लिहितो. बंद करायला माझं एक टिपण पुरलं. सुरू करायला किती लागतात ते मोजत नाही आता."

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून झोपले. मी झोपले नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे काम आपण करावं. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण घरी सगळे मला डी.एड.ला पाठवायचं ठरवून बसले होते.

मग आमच्याच वाडीचा कागद आला.

आमची वाडी शहरापासून थोडी लांब, लहानशा जेटीची. जेटीच्या मागे पुळणीचा, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूचा, एक सपाट तुकडा आहे. आई आणि वाडीतल्या बायका ऑक्टोबरपासून मेपर्यंत तिथे मासे सुकवतात. जुन्या जाळ्यांवर मांदेली, जवळा, खारवलेले बांगडे. पावसाळ्यासाठी घरात ठेवतात, उरलेलं बाजारात विकतात. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर जेटी सुधारण्याचा प्रारूप आराखडा लागला. त्यात तो तुकडा चौकोन काढून रंगवला होता आणि वर लिहिलं होतं, 'मोकळी जागा – प्रस्तावित वाहनतळ'. हरकती महिन्याभरात लेखी द्यायच्या होत्या.

मी आराखड्याचा फोटो काकांना वाचून दाखवला. ती जागा गेली तर आईला सुकवायला दुसरी जागा नाही. वर कातळ आहे, तिथे कुत्री आणि धूळ. घराचं अंगण हातभर.

"मोकळी कशावरून म्हणतात?" काकांनी विचारलं.

"तिथे बांधकाम नाही म्हणून असेल. मला वाटतं."

"तिथे कोण काम करतं, हे सरकारच्या कुठल्या कागदावर आहे?"

मला माहीत नव्हतं. त्यांना होतं. मच्छीमार मोजले जातात ते होडीवरून. ज्याच्या नावावर होडी तो, त्याचे खलाशी ते. बायकांच्या नावावर होडी नाही. "म्हणजे आधी बायका कागदावर आणायच्या," काका म्हणाले. "घरोघर जा. लिहून आण."

मी तक्ता आखला. नाव, वय, शिक्षण, व्यवसाय. चार दिवस वाडीत फिरले. फार मनापासून केलं. स्वच्छ अक्षरात उतरवून तक्ता काकांसमोर ठेवला आणि वाचायला लागले. पहिलं नाव, व्यवसाय गृहिणी. दुसरं नाव, गृहिणी. तिसरं, गृहिणी. सातव्या-आठव्या नावाला माझा आवाज आपोआप बारीक झाला.

"थांबू नकोस. सगळी वाच."

मी सगळी वाचली. एकही बाई मासे सुकवत नव्हती. शेवटून दुसरं नाव माझ्या आईचं होतं. तिला तर मी विचारलंही नव्हतं, स्वतःच 'गृहिणी' लिहून टाकलं होतं.

"मग मासे कोण सुकवतं तुमच्यात?" काकांनी विचारलं. "कावळे?"

मला रडू आलं. ते थांबले. मग त्यांनी तक्ता उचलून नाकाशी नेला. "हा कुठे बसून भरलास?"

"पुळणीवर. आईच्या शेजारी. त्या कामात होत्या, म्हणून तिथेच..."

"कागदालाही वास लागलाय सुक्या मासळीचा. तुला आला नाही?"

मी पुळणीवर जाऊन आईवरच चिडले. ती बांगडे परतत होती, एकेक उचलून दुसऱ्या अंगावर. "सगळ्या जणींनी 'घरीच असतो' असं का सांगितलं मला?"

"मग काय सांगायचं?" आई म्हणाली. "सुकवणं काय काम हाय? ते करायचंच असतं."

शेजारची काकी हळूच म्हणाली, "आणि लिवलंस धंदा करतो म्हणून, आणि कमाई दिसली, आणि रेशनकार्ड गेलं तर? ते तू आणून देणार हाईस?"

बाकीच्या बायका माना हलवत होत्या. त्यांनी आपसात ठरवलेलंच होतं. हातात कागद घेऊन कुणीही आलं, घरचं पोर असलं तरी, 'घरीच असतो' म्हणायचं.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले. "हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. एवढी वर्षं मंत्र्यांना सांगणारा माणूस माझ्यासमोर हे म्हणाला, आणि वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "तक्ता फेकून दे. कमाई विचारू नकोस. व्यवसाय हा शब्दच नको. प्रत्येकीला एवढंच विचार, काल उठल्यापासून काय काय केलंत. आणि ती सांगेल तसं लिही, तिच्याच शब्दांत. नंतर वाचून दाखव. नको म्हणाली तर फाडून टाक, तिच्यासमोर."

दुसऱ्या फेरीला मला दहा दिवस लागले. बायका बोलत होत्या आणि माझा हात पुरत नव्हता. लिलावातून टोपली आणणं, धुणं, चिरणं, मीठ चोळणं, जाळं झटकणं, पसरणं, परतणं, कावळे हाकलणं, ढग आला की गोळा करणं, ढग गेला की पुन्हा पसरणं. आणि सगळ्यांत शेवटी, हसत, "बाकी काय नाय, घरीच होते."

काकीने स्वतःचा कागद दोनदा वाचून घेतला. "येवढं करते काय गो मी?" ती म्हणाली. "मग दमणारच मेली." तिने तो फाडू दिला नाही.

मी टिपण लिहिलं. मला वाटलं झालं. काकांनी पहिल्याच परिच्छेदाला घडी घातली.

जेटी सुधारावी म्हणून सगळ्यात जास्त खटपट केली होती ती आबा तांडेलांनी. दोन होड्यांचे मालक, माझ्या बाबांचे चुलत चुलते, वाडीत त्यांचा शब्द चालतो. वाहनतळ त्यांनाच हवा होता. मी लिहिलं होतं, 'काही होडीमालक स्वतःच्या सोयीसाठी...'

"हा माणूस मूर्ख आहे का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"लबाड?"

"नाही. माझी फी भरायला त्यांनीच मदत केली होती बारावीला."

"मग कागदावर तसा का दिसतोय? जा, त्याचं म्हणणं लिही. त्याच्यापेक्षा चांगलं लिही. ते वरती येईल, तुझ्या आईचं खाली. आणि तो त्याच्या भागाखाली सही करेल की, माझं म्हणणं बरोबर लिहिलंय. त्याची सही नसेल तर हे टिपण जाणार नाही."

हा त्यांचा मुंबईपासूनचा नियम होता. विरोधकाची सही. त्यामुळे त्यांची कितीतरी टिपणं खोळंबली होती. एका मंत्र्यांनी त्यावरून त्यांना खात्यातून बदलून टाकलं होतं.

मला आबांपुढे जायची लाज वाटत होती, आणि भीतीही. तरी गेले. ते पडवीत जाळं विणत होते. मी कागद वाचून दाखवला. बर्फाची गाडी खाली येत नाही. आली तर वळत नाही. म्हणून ती वरच्या रस्त्यावर उभी राहते. माल डोक्यावरून वर न्यायचा, तोवर मासळी नरम पडते, लिलावात भाव पडतो. खलाशी दुसऱ्या बंदराला जातात.

आबांनी सुई खाली ठेवली. "पुन्यांदा वाच."

मी वाचलं.

"हे तू लिवलंस? की त्या मांडवीच्या म्हाताऱ्याने?"

"मी."

"बरं लिवलंयस. पण गाडी थांबत नाय कधी, हे राहिलं. तिला वळायला जागा पायजे, निजायला नको. लिलाव उरकला की गाडी गेली. मग दिवसभर काय, हितं काय गाड्यांचं पिकनिक हाय?"

मी लिहायची थांबले. "म्हणजे वाहनतळ नको? वळायला पुरेल एवढीच जागा?"

"तळ कुणी मागितलान? मी रस्ता मागितला. तळ त्यांनी काढलान." मग त्यांना काहीतरी जाणवलं. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "खाली काय लिवलंयस, तुझ्या आयशीचं?"

मी खालचं वाचलं. आबांनी सावकाश, एकेक अक्षर काढत, आपल्या भागाखाली सही केली. "खालचं मला मान्य हाय असं नाय हां," ते म्हणाले. "माझी सही वरची."

हरकतींच्या सुनावणीला काका आत आले नाहीत. सल्लागाराने खोलीत दिसू नये, असं त्यांचं मत. ते कचेरीबाहेरच्या टपरीवर बसले. मी आत, बायकांच्या मागच्या बाकावर.

अधिकारी तरुण होते, घाईत होते. त्यांनी टिपण चाळलं. "जागा मोकळी आहे. मासे सुकवण्याची कुठेच नोंद नाही," ते म्हणाले. "कोण सुकवतं?"

बायका एकमेकींकडे बघत होत्या. मला उठावंसं वाटत होतं. मी बाक घट्ट धरून बसले.

आई उभी राहिली. पदर सारखा केला. आणि तिने काल उठल्यापासून काय केलं ते सांगायला सुरुवात केली. कुणाची तक्रार नाही, विनंती नाही. टोपली, पाणी, मीठ, जाळं, ऊन. अधिकारी आधी लिहून घेत होते. मग पेन ठेवून नुसते ऐकायला लागले. आई दुपारपर्यंत पोचली तेव्हा त्यांनी मध्येच विचारलं, "आणि जेवता कधी?"

"कावळे कमी झाले की," आई म्हणाली.

तेव्हा आबा उठले. "साहेब, वरचं म्हणणं माझं," ते म्हणाले. "त्यात वळायला जागा लिवलीय, तळ नाय. ते नीट वाचा. आणि ते नीट वाचलंत तर खालचंही वाचावं लागेल. एकाच कागदावर हाय."

निर्णय त्या दिवशी झाला नाही. तो यायला पुढचा बराच काळ गेला, तीन वेळा कागद परत आला, आणि प्रत्येक वेळी काकांनी मला नव्याने लिहायला लावलं. मी कंटाळले होते. एकदा म्हटलं, "काका, नाही व्हायचं हे." ते म्हणाले, "तू लिहीत राहा. कंटाळायचं काम त्यांना करू दे."

काका आता इथे नाहीत. नजर फारच गेली म्हणून गेल्या वर्षी बहीण त्यांना सांगलीला घेऊन गेली. जाताना त्यांनी खुर्ची मला दिली, पुस्तकं कॉलेजला दिली, आणि माझ्या पानांचा एक गठ्ठा, सगळा घड्यांचा, स्वतःबरोबर नेला. मी आता एम.ए. करते आहे, डी.एड. नाही. पुढे कुठे काम मिळेल माहीत नाही. धोरणाचं काम करणार आहे, एवढं ठरलंय. ते घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे नेमकं काय करणार?" मला अजून नीट सांगता आलेलं नाही. पण वाडीत रेषा आखली त्या वेळचं सांगता येईल. काका तेव्हा अजून मांडवीलाच होते.

सुधारित आराखड्यात वरच्या अंगाला गाडी वळण्याची जागा होती आणि समुद्राच्या अंगाला लिहिलं होतं, 'मासे सुकवण्याची जागा'. मोजणीवाले आले, फक्कीने पुळणीवर पांढरी रेषा मारून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले तर खालून आरडाओरडा. आईने जाळं रेषेच्या पलीकडे दीड वीत पसरलं होतं. आबा कमरेवर हात ठेवून उभे.

"रेषा दिसत नाय काय तुला?"

"दिसते की. तुमच्या गाडीचं चाक हितवर कशाला येतंय? ती काय नाचणार हाय?"

"वीतभर आज, उद्या हातभर!"

"तुमी काल टोपल्या ठेवल्यात आमच्यात, तेव्हा कुठं गेली होती वीत?"

काकी, आबांची सून, खलाशी, सगळे जमले होते. मला वाटलं, एवढं सगळं करून शेवटी घरात भांडणच लावलं आपण. मी कॉलेजला न जाता सरळ मांडवी गाठली. जिना चढून धापा टाकत काकांना सांगितलं.

"कशावरून भांडतायत?" त्यांनी विचारलं.

"रेषेवरून. आई म्हणते जागा आमची, आबा म्हणतात..."

"आई काय म्हणते?"

"जागा आमची."

काका उठले. चाचपडत चपला शोधायला लागले. "मला घेऊन चल," ते म्हणाले. "मला हे बघायचंय."

आम्ही रिक्षाने पोचलो तेव्हा भांडण रंगातच होतं. काका माझ्या खांद्यावर हात ठेवून पुळणीतून चालत रेषेपाशी गेले. आबांनी आशेने बघितलं. "तुमीच सांगा आता हिला. कायद्याने काय ते."

काका तोंड उघडणार, एवढ्यात आईने हातातला बांगडा जाळ्यावर टाकला आणि पदराला हात पुसत त्यांच्यापुढे आली.

"काका, तुमी लय केलंत. पण ह्याच्यात पडू नका. हे आमचं आमी बघू."

काकांनी आईला हात जोडले. मग माझ्या खांद्यावरचा हात काढून ते पाठ न फिरवता, पाऊल चाचपत, मागे मागे सरकत गेले. सुकवणीच्या जागेतून पार बाहेर पडल्यावरच थांबले, आणि तिथे उभं राहून त्यांनी ते भांडण शेवटपर्यंत ऐकलं.